अद्ययावत म्हणजे किती नवे? लिनक्सवरील लिब्रेऑफिसविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे लिनक्स प्रणालीवरील लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलण्याविषयी, किंवा बदलल्यानंतर झालेल्या घोळाविषयी आहेत. त्यामुळे इतर विषय बाजूला ठेवून त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यात सापडते.

प्रश्न : सांगलीत आमचे कर सल्ल्याचे छोटे कार्यालय आहे. तिन्ही संगणकांवर लिनक्स मिंट २१ आहे आणि लिब्रेऑफिसवर काम व्यवस्थित चालते. अलीकडे एका अशिलाकडून एक्सेलच्या ज्या फाइली येतात, त्यांतील काही रकान्यांत आकड्यांऐवजी हॅशचे चिन्ह, त्यापुढे ‘नेम’ आणि प्रश्नचिन्ह असे दिसते. अपडेट मॅनेजर उघडला तर तो ‘तुमची प्रणाली अद्ययावत आहे’ असे सांगतो. परंतु लिब्रेऑफिसच्या ‘हेल्प’ मेनूतील ‘अबाउट’ खिडकीत ७.३ हा क्रमांक दिसतो, आणि २५.८ ही आवृत्ती आल्याचे तर आम्ही वाचले आहे. यात खरे कोणाचे धरावे, आणि नवी आवृत्ती घ्यावी कशी?

उत्तर : दोघांचेही खरे आहे, फक्त ‘अद्ययावत’ या शब्दाचा अर्थ दोघे वेगवेगळा घेतात. लिनक्स मिंट २१ हे उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या वितरणाच्या (तयार संचाच्या) २२.०४ या आवृत्तीच्या पायावर उभे आहे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती बाहेर पडते तेव्हा तिच्या भांडारातील, म्हणजे प्रोग्राम जेथून उतरवले जातात त्या साठ्यातील, पॅकेजांचे मुख्य क्रमांक, ब्राउझरसारखे थोडे अपवाद वगळता, तेथेच गोठवले जातात. एप्रिल २०२२ मध्ये ती निघाली तेव्हा लिब्रेऑफिस ७.३ नुकतेच आले होते, म्हणून ते भांडारात गेले आणि या आवृत्तीच्या शेवटापर्यंत तेच राहील. त्यात दोष आणि सुरक्षा यांच्या दुरुस्त्या येत राहतात, नव्या सोयी मात्र येत नाहीत. अपडेट मॅनेजरची हिरवी खूण एवढेच सांगते की भांडारात जे आहे ते तुमच्यापर्यंत पोहोचले. बाहेर जे निघाले ते सर्व पोहोचले, असा तिचा दावा नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की ७.३ हा क्रमांक जुना दिसला तरी केवळ तेवढ्यावरून तो असुरक्षित ठरत नाही. उबुंटू २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत नियमित आधार आहे आणि त्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच क्रमांकाच्या पोटात शिवून दिल्या जातात. क्रमांकाच्या धास्तीने चांगले चाललेले काम उलटेपालटे करणाऱ्यांची पत्रे मला नेहमी येतात, म्हणून हे आधी सांगितले. क्रमांकांची उडीदेखील वाटते तेवढी मोठी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ७.६ आले आणि त्यानंतर थेट २४.२, मधल्या सोळा आवृत्त्या कोठे हरवल्या नाहीत, तर क्रमांक देण्याची पद्धत बदलून वर्ष आणि महिना यांवर आली. २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी आणि २५.८ म्हणजे २०२५ चा ऑगस्ट. (२४.२ प्रत्यक्षात ३१ जानेवारीलाच आले होते. एका दिवसाची ही घाई आपण माफ करू.)

तुमचे कारण मात्र धास्तीचे नाही, खरे आहे. ज्या रकान्यात ती चूक दिसते त्यावर एकदा टिचकी मारून वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. तेथे ‘एक्सलुकअप’ हे नाव लहान अक्षरांत आणि त्याच्या आधी अधोरेषेने सुरू होणारा, टिंबाने संपणारा चार अक्षरांचा उपसर्ग दिसला, तर निदान पक्के झाले. हे फलन (फंक्शन) एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये ते ऑगस्ट २०२४ च्या २४.८ या आवृत्तीत आले, आणि त्याच वेळी ‘फिल्टर’, ‘सॉर्ट’, ‘युनिक’, ‘लेट’ ही फलनेही आली. ७.३ ला ते नावच ठाऊक नसल्यामुळे ते ‘नेम’ची तक्रार करते. यात लिनक्सचा दोष काढण्याचे कारण नाही, कारण एक्सेल २०१६ किंवा २०१९ असलेल्या संगणकालाही हे फलन चालवता येत नाही.

आता एक फसवी वाट आधीच दाखवून ठेवतो. अनेक जण सुचवतील की मिंटच २१ वरून २२ वर न्यावे म्हणजे लिब्रेऑफिस आपोआप नवे होईल. तसे ते होईलही, पण मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभे आहे आणि त्याच्या भांडारात २४.२ आहे, २४.८ नाही. म्हणजे पूर्ण प्रणाली बदलण्याचा खटाटोप करूनही अशिलाच्या फाइलीतील तो रकाना तसाच रुसलेला राहील. मिंट बदलायचे असल्यास इतर कारणांसाठी अवश्य बदलावे, या कारणासाठी बदलू नये.

लिनक्सवर लिब्रेऑफिस चार दारांनी घरात येऊ शकते, आणि माझा सगळा आग्रह एवढाच असतो की ज्या दाराने ते आले त्याच दाराने त्याला नवे करावे. दार बदलायचेच असेल तर ते जाणून-बुजून बदलावे. पहिले दार वितरणाच्या भांडाराचे, ज्यातून तुमचे ७.३ आले. दुसरे पीपीएचे, म्हणजे उबुंटूच्या मुख्य भांडाराला बाहेरून जोडलेल्या पूरक भांडाराचे. लिब्रेऑफिसच्या नावाने असे एक पीपीए आहे आणि ते जोडल्यावर नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसते. तिसरे दार फ्लॅटपॅक किंवा स्नॅपसारख्या स्वयंपूर्ण गाठोड्यांचे. चौथे म्हणजे लिब्रेऑफिस ज्या संस्थेच्या छत्राखाली तयार होते त्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या संकेतस्थळावरून थेट उतरवलेली पॅकेजे.

तुमच्यासारख्या कार्यालयाला मी फ्लॅटपॅकचे दार सुचवीन. मिंटमध्ये फ्लॅटपॅकची सोय मुळातच असते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये लिब्रेऑफिस शोधल्यास फ्लॅटहबवरील, म्हणजे फ्लॅटपॅकच्या भांडारातील, नोंद सापडते. तिच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक २४.८ किंवा त्यापुढचा आहे याची खात्री करून ती बसवावी. उतरवण्याचा आकार मोठा असतो, कारण प्रोग्रामबरोबर त्याला लागणारा पायाही येतो; डिस्कवर दोनेक जीबी जागा मोकळी ठेवावी आणि हे काम मोबाइलच्या डेटावर करू नये. या मार्गाचा मोठा फायदा असा की जुने ७.३ जागच्या जागी शाबूत राहते. नव्यात काही बिनसले तर त्याच दुपारी जुन्यात काम पुढे चालू ठेवता येते, आणि विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात या सोयीचे मोल काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तोटा असा की मेनूमध्ये कॅल्कच्या दोन सारख्या दिसणाऱ्या नोंदी येतात, आणि फाइलीवर दोनदा टिचकी मारली की कोणता कॅल्क उघडेल याचा भरवसा राहत नाही. त्यासाठी फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’मधून नवा कॅल्क निवडावा आणि तोच कायमचा ठरवावा. शंका आली तर पुन्हा ‘अबाउट’ची खिडकी पाहावी.

पीपीएचा मार्गही चांगला आहे आणि त्यात जागा कमी लागते, पण तेथे जुने पुसून त्याच जागी नवे येते. शिवाय तुमच्या पायाभूत आवृत्तीसाठी तेथे हवी ती आवृत्ती उपलब्ध आहे का, हे जोडण्यापूर्वी पाहावे लागते. परत फिरायचे झाल्यास मिंटच्या ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये देखभालीच्या भागात बाहेरची पॅकेजे मूळ क्रमांकावर आणण्याची सोय आहे, उबुंटूमध्ये हेच काम ‘पीपीए-पर्ज’ हे साधन करते. संकेतस्थळावरून थेट उतरवलेल्या पॅकेजांचे दार मी केवळ उत्साही मंडळींना सुचवतो. ते एकच गाठोडे उघडले की आत चाळीसेक पॅकेजे निघतात, ती ‘ऑप्ट’ या फोल्डरात स्वतंत्र बसतात, आणि मग त्यांना नवे करण्याची जबाबदारी अपडेट मॅनेजर घेत नाही. पुढची आवृत्ती आली की ती पुन्हा हाताने उतरवा, हाताने बसवा आणि जुनी हाताने काढा. एखाद्या गृहस्थाच्या संगणकावर अशा तीन आवृत्त्या शेजारीशेजारी नांदताना मी पाहिल्या आहेत, आणि त्याची तक्रार काय होती, तर डिस्क भरत चालल्याची!

नवी आवृत्ती येईपर्यंतचा उपाय असा. मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, ७.३ मध्ये उघडून त्याच नावाने साठवू नये, आणि शक्य असल्यास अशिलाला ‘एक्सलुकअप’ऐवजी ‘इंडेक्स’ आणि ‘मॅच’ या जोडीचे सूत्र वापरण्याची विनंती करावी. ही जोडी एक्सेलच्या आणि कॅल्कच्या जुन्या-नव्या सर्व आवृत्त्यांना समजते. तिन्ही संगणक एकाच दिवशी बदलू नयेत. एकावर बदल करून आठवडाभर रोजचे काम त्यावर करून पाहावे आणि मगच उरलेल्या दोहोंकडे वळावे.

प्रश्न : मी एका त्रैमासिकाचे मुद्रितशोधन करते. गेल्या महिन्यात लिब्रेऑफिसची फ्लॅटपॅक आवृत्ती बसवली. कार्यक्रम छान चालतो, पण सहा वर्षे जमवलेले माझ्या शब्दकोशातले मराठी शब्द नाहीसे झाले आहेत, आणि दोन अक्षरे टाइप केल्यावर पूर्ण शब्द उमटावा म्हणून केलेल्या स्वयंदुरुस्तीच्या नोंदीही गेल्या आहेत. त्या परत मिळतील का?

उत्तर : मिळतील, कारण त्या गेलेल्याच नाहीत. त्या जुन्या घरी आहेत आणि नवे लिब्रेऑफिस दुसऱ्या घरी राहायला गेले आहे. वितरणाच्या भांडारातून आलेले लिब्रेऑफिस आपली वैयक्तिक मांडणी तुमच्या होम फोल्डरातील ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ठेवते. त्याच्या आत ‘लिब्रेऑफिस’, त्याच्या आत ‘४’ आणि त्याच्या आत ‘युजर’. (हा चार म्हणजे आवृत्ती ४ च्या काळातला आकडा, ती मांडणी पुढच्या आवृत्त्यांनी तशीच ठेवल्याने तो आजही बदललेला नाही.) फ्लॅटपॅक आपले स्वतंत्र घर करते. होममध्ये ‘व्हार’ नावाचा लपलेला फोल्डर, त्यात ‘ॲप’, त्यात लिब्रेऑफिसच्या पूर्ण नावाचा फोल्डर, त्यात ‘कॉन्फिग’, आणि तेथून पुढे पुन्हा तीच ‘लिब्रेऑफिस’, ‘४’, ‘युजर’ अशी साखळी.

लपलेले फोल्डर दिसण्यासाठी फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबावीत; या फोल्डरांच्या नावापुढे एक टिंब असते, त्यामुळे एरवी ते दिसत नाहीत. त्यानंतर लिब्रेऑफिसच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात. हे आवर्जून सांगतो, कारण उघडे लिब्रेऑफिस बंद होताना आपल्याकडच्या नोंदी पुन्हा लिहून काढते आणि तुम्ही आणलेली फाइल त्याखाली जाऊ शकते. मग जुन्या ‘युजर’ फोल्डरातून ‘वर्डबुक’ आणि ‘ऑटोकॉर’ हे दोन फोल्डर नव्या ‘युजर’ फोल्डरात नक्कल करावेत. पहिल्यात तुमचे शब्द आहेत आणि दुसऱ्यात स्वयंदुरुस्तीच्या नोंदी, भाषेगणिक एक फाइल अशा स्वरूपात. साचे केले असतील तर ‘टेम्प्लेट’ हा फोल्डरही न्यावा. पूर्ण ‘युजर’ फोल्डर उचलून नेण्याचा मोह टाळावा, कारण त्यात पडद्यावरील पट्ट्यांपासून जुन्या विस्तारकांपर्यंत सगळे असते आणि जुन्या घरातील ढेकूण नव्या घरात नेण्यासारखा तो प्रकार होतो.

नव्या आवृत्तीत तुम्ही या महिन्याभरात काही शब्द जोडले असतील, तर ते घालवून चालणार नाही. ‘वर्डबुक’मधील शब्दकोशाची फाइल साध्या मजकुराची असते. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडल्यास वर तीन-चार ओळींचा मथळा दिसेल, त्यात भाषा आणि प्रकार लिहिलेला असतो. मग तीन आडव्या रेघांची एक ओळ, आणि तिच्याखाली एका ओळीत एक याप्रमाणे ‘उपरोल्लेखित’, ‘अनवट’, ‘कोथिंबीर’ असे तुमचे शब्द. जुन्या फाइलीतील रेघांखालचे शब्द उचलून नव्या फाइलीतील शब्दांखाली चिकटवावेत, मथळ्याला हात लावू नये, आणि साठवताना युनिकोडचा यूटीएफ-८ हाच प्रकार कायम ठेवावा. ही फाइल एरवीही वर्षातून दोनदा पेन ड्राइव्हवर काढून ठेवण्याजोगी आहे. सहा वर्षांचे मुद्रितशोधन काही किलोबाइटांत मावते.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात शिक्षक आहे. शाळेच्या संगणकावर उबुंटू २४.०४ नव्याने बसवल्यावर लिब्रेऑफिसही नवे झाले, पण माझी ४० पानांची मराठी पुस्तिका आता ४३ पानांची झाली आहे आणि ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. नव्या आवृत्तीने मराठी बिघडवली असे समजावे काय? जुनी आवृत्ती परत घ्यावी का?

उत्तर : नवी आवृत्ती येथे निरपराध आहे, बहुतेक करून बदलला आहे तो फाँट. प्रणाली नव्याने बसवताना तुम्ही पूर्वी आणून ठेवलेले फाँट पुसले गेले असणार. पुस्तिकेत मंगल किंवा निर्मला यांसारखा विंडोजबरोबर येणारा फाँट नोंदलेला असेल, आणि तो सापडला नाही की लिब्रेऑफिस गुपचूप दुसरा देवनागरी फाँट वापरते. नावाची पेटी मात्र जुनेच नाव दाखवत राहते, फक्त तिरप्या अक्षरांत. त्यामुळे सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक फाँटाची ओळीची उंची वेगळी असते, आणि वेलांटी-उकारांना लागणारी जागा धरून ४० पानांत तीन पानांची वाढ होणे अगदी स्वाभाविक आहे. मूळ फाँट परवान्यानुसार तुमच्याकडे असेल तर तो होम फोल्डरातील फाँटांच्या फोल्डरात ठेवून लिब्रेऑफिस पुन्हा सुरू करावे. नसेल तर नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्त यांसारखा खुला फाँट निवडावा, पुस्तिका एकदा नीट लावून घ्यावी आणि पुढे तोच धरून ठेवावा. फाइल दुसऱ्या संगणकावर जाणार असल्यास ‘फाइल’ मेनूतील ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाँटच्या पानावर फाँट दस्तऐवजातच अंतर्भूत करण्याची खूण आहे, ती करावी.

फाँट बदलताना एक खाचखळगा लक्षात ठेवावा. लिब्रेऑफिस इंग्रजी मजकुराचा फाँट आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिप्यांचा फाँट यांची नोंद वेगवेगळी ठेवते. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण केलेली असेल, तरच शैलीच्या खिडकीत हा दुसरा रकाना दिसतो. तो न पाहता अनेक जण वरचा इंग्रजीचा फाँट बदलत राहतात आणि मराठीवर काहीच परिणाम होत नाही म्हणून वैतागतात.

‘ल’ आणि ‘श’ यांचे कोडे याच विभागात सुटते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात या दोन अक्षरांची मराठी वळणे ठरवून दिली, आणि शाळेच्या पुस्तिकेत ती तशीच असावीत हा तुमचा आग्रह रास्त आहे. काही युनिकोड फाँटांत दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळले तरच ते मराठी वळण दाखवतात. तुमच्या नव्या मांडणीत संयुक्त लिपीची मूळ भाषा बहुधा हिंदी ठरलेली आहे. ती ‘मराठी’ करावी, आणि आधी लिहिलेल्या पुस्तिकेसाठी सर्व मजकूर निवडून त्याचीही भाषा मराठी करावी. फाँटात ती सोय असल्यास पाकळीदार ‘ल’ डोळ्यांदेखत उमटतो. वर्गात मुलांना दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे. भाषा बदलूनही अक्षर बदलले नाही, तर त्या फाँटात मराठी वळण नाही असे समजून दुसरा फाँट घ्यावा.

जुनी आवृत्ती परत घेण्यात काही लाभ नाही. अक्षरे जुळवण्याचे काम लिनक्सवरील लिब्रेऑफिस गेली कित्येक वर्षे हार्फबझ या सामायिक सॉफ्टवेअर-घटकाकडून करून घेते. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ पासून तर विंडोज आणि मॅकवरही तेच वापरले जाते. म्हणजे एकच फाँट असेल तर जोडाक्षरे सगळीकडे सारखीच जुळावीत. जी पुस्तिका छापायलाच जाणार आहे तिची पीडीएफ काढूनच द्यावी, हा सल्ला कोणत्याही आवृत्तीला लागू आहे.

प्रश्न : म्हापशातील आमच्या वाचनालयात एक जुना ३२ बिटांचा संगणक आहे. त्यावर लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती बसत नाही. एका स्वयंसेवकाने त्याऐवजी ओपनऑफिस बसवावे असे सुचवले. तसे करावे का?

उत्तर : करू नये. दोन्हींचे मूळ एकच आहे हे खरे. ओपनऑफिस चालवणारी सन कंपनी ओरॅकलने घेतल्यानंतर २८ सप्टेंबर २०१० रोजी काही मंडळींनी वेगळे होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले आणि लिब्रेऑफिस सुरू केले. उरलेले ओपनऑफिस पुढच्या वर्षी अपाची प्रतिष्ठानाकडे गेले. तेव्हापासून नव्या सोयी आणि नव्या एक्सेल-वर्ड फाइलींशी जुळवून घेण्याचे काम मुख्यत्वे लिब्रेऑफिसमध्येच होत आले आहे. शिवाय दोन्ही एकाच संगणकावर बसवताना मेनूची पॅकेजे एकमेकांत अडकतात आणि ती सोडवण्यात वाचनालयाची एक सुटी जाते.

३२ बिटांच्या लिनक्ससाठी संकेतस्थळावरील तयार पॅकेजे २०१९ च्या ६.३ पासून बंद झाली आहेत, म्हणून तुम्हाला तेथे काही मिळत नाही. डेबियन १२ मध्ये मात्र ३२ बिटांचे लिब्रेऑफिस ७.४ मिळते, आणि पुस्तकांची यादी, वर्गणीदारांची नोंद, सूचनाफलकावरचे कागद यांसाठी ते भरपूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मधून ३२ बिटांच्या संगणकावर प्रणाली बसवण्याची सोयच काढून टाकली आहे, तेव्हा तिकडे वळू नये. आणि एक गोष्ट तपासून पाहावी : जुना दिसणारा संगणक ३२ बिटांचाच असतो असे नाही, अनेकदा प्रणाली ३२ बिटांची असते आणि प्रोसेसर ६४ बिटांचा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यास पहिल्या दोन ओळींतच उत्तर मिळते.

प्रश्न : लिब्रेऑफिसचे अपडेट चालू असताना आमच्या गावी वीज गेली. आता त्यातील लेखनाचा प्रोग्राम रायटर उघडत नाही, आणि अपडेट पुन्हा सुरू केले तर ‘लॉक’ मिळत नाही असा संदेश येतो. एका मित्राने ती लॉकची फाइल खोडून टाकायला सांगितली आहे. काय करू?

उत्तर : लॉकची फाइल खोडू नका. दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू नये म्हणून ते कुलूप असते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर पार्श्वभूमीत स्वयंचलित अपडेट चालू होते आणि तेच बहुधा कुलूप धरून बसलेले असते. दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. मी एकदा अधीरपणे ती फाइल खोडली होती, आणि दोन अपडेटे एकमेकांच्या अंगावर जाऊन नोंदवहीच अशी विस्कटली की अखेर पूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागली; वाचलेली पंधरा मिनिटे मला पूर्ण रविवार देऊन फेडावी लागली.

कुलूप सुटल्यावर टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने दोन कामे क्रमाने करावीत. आधी ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ या पर्यायासह अर्धवट राहिलेली सर्व पॅकेजे पूर्ण करायला सांगावे, आणि मग ‘ॲप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन’ या पर्यायाने तुटलेले दुवे जोडायला सांगावे. दुसऱ्या आज्ञेनंतर काय बसवले जाईल आणि काय काढले जाईल याची यादी येते. ‘होय’ म्हणण्यापूर्वी ती वाचावी, आणि काढावयाच्या यादीत पूर्ण डेस्कटॉपचे नाव दिसले तर तेथेच थांबावे. यादी ठीक असेल तर रायटर पूर्ववत उघडेल.

रायटर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर टर्मिनलमधून ‘सेफ-मोड’ या पर्यायासह ते सुरू करून पाहावे. ही सुरक्षित पद्धत ५.३ पासून आहे. तिच्यात ते तुमची वैयक्तिक मांडणी तात्पुरती बाजूला ठेवून उघडते. त्यात नीट चालले तर दोष पॅकेजांचा नसून मांडणीचा आहे, आणि ती खिडकीच दुरुस्तीचे पर्याय पुढे करते. तुमच्या लेखनाच्या फाइलींना या सगळ्याचा धक्का लागत नाही, कारण अपडेट त्यांना स्पर्शच करत नाही. वीज गेली तेव्हा एखादी फाइल उघडी असेल, तर तिच्या शेजारी त्याच नावाची, टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल राहून गेलेली असते आणि म्हणून मूळ फाइल ‘दुसऱ्याने उघडली आहे’ असे लिब्रेऑफिस म्हणते. तो दुसरा माणूस म्हणजे काल संध्याकाळचे तुम्हीच. फाइल खरोखरच कोठे उघडी नाही याची खात्री करून ही छोटी फाइल मात्र खुशाल खोडावी.